फाइल शोधायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? इंडेक्सिंग संपतच नाहीये

पानोपान:
मी भाषांतराची कामं करते. 11 वर्षांच्या फायली आहेत, थोड्या लॅपटॉपवर, थोड्या एक्स्टर्नल डिस्कवर, सगळ्या मिळून 3 लाख 80 हजाराच्या आसपास. वर्ड, पीडीएफ, एक्सेल, काही स्कॅन. कधीकधी नाव अर्धवट तरी आठवतं पण बहुतेक वेळा तेही नाही, नुसतं एवढंच आठवतं की कुठल्यातरी करारात मी 'अहस्तांतरणीय' असा शब्द वापरला होता आणि तो आत्ता परत तसाच हवाय, मग तेवढ्यावरून फाइल हुडकायची. गेल्या आठवड्यात एक सॉफ्टवेअर टाकलं (नाव घेत नाही), त्याला अख्खी सी ड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क दोन्ही देऊन टाकलं, चार दिवस झाले इंडेक्सिंग (म्हणजे फायली वाचून त्यांची सूची बनवणं) चालूच आहे, पंखा थांबत नाही, आणि काल डिस्क काढून परत लावली तर सगळं पहिल्यापासून वाचायला लागलं. इंडेक्स न करता शोधणारं काही असतं का? विंडोज 11, रॅम 8 जीबी.

रिकामाफोल्डर:
असतं ना, एजंट रॅन्सॅक बघा. इंडेक्स वगैरे काही नाही, फोल्डर दाखवायचा, शब्द द्यायचा, ते एकेक फाइल उघडून बघतं. पण दर वेळी पहिल्यापासून वाचतं, त्यामुळे एका फोल्डरसाठी उत्तम, पावणेचार लाख फायलींवर मात्र वाट बघत बसाल.

जुनीफ्लॉपी:
नावावरून शोधणं आणि आतल्या मजकुरावरून शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही एकाच सॉफ्टवेअरवर टाकू नका, तुमचं घोडं तिथेच अडलंय.

नावासाठी एव्हरीथिंग घ्या, फुकट आहे. एनटीएफएस (डिस्कवर फायली मांडायची विंडोजची नेहमीची पद्धत) असलेल्या ड्राइव्हवर सगळ्या फायलींची एक नोंदवही आधीपासूनच असते, तिला एमएफटी म्हणतात, एका फाइलची नोंद सहसा 1 केबीची. एव्हरीथिंग फोल्डर फिरत बसत नाही, थेट ती वहीच वाचतं, म्हणून पहिला इंडेक्स मिनिटाभराच्या आत होतो. नंतरचे बदल यूएसएन जर्नलमधून उचलतं, ते जर्नल विंडोज स्वतःच लिहीत असतं, त्यामुळे एव्हरीथिंग बंद असताना हलवलेल्या फायलीही उघडल्यावर बरोबर जागी दिसतात. 10 लाख फायलींना साधारण 75 एमबी रॅम लागते असं त्यांनीच दिलंय, म्हणजे तुमच्या 8 जीबीला काहीच त्रास नाही.

मजकुराचं गणित वेगळं. तिथे प्रत्येक फाइल उघडायची, शब्द वेगळे काढायचे आणि पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी सूची बांधायची, कुठला शब्द कुठल्या फायलीत. याला वेळ लागणारच, कुणीही केलं तरी. म्हणून सी ड्राइव्ह देऊच नका, तिथे हजारो फायली विंडोजच्या आणि प्रोग्रॅमच्या असतात, त्यात तुमचा 'अहस्तांतरणीय' कशाला सापडेल? फक्त कामाचे फोल्डर द्या आणि फायलींचे प्रकारही ठरवून द्या. डॉकफेचर करून बघा, ओपन सोर्स आहे, प्रत्येक फोल्डरचा वेगळा इंडेक्स ठेवता येतो. किंवा नवं काही न टाकता विंडोजच्याच शोधात क्लासिक पर्याय (अख्खा पीसी न वाचता ठरावीक फोल्डरच वाचणारा) ठेवून कामाचे फोल्डर जोडा.

अजून एक, या सूच्या अख्ख्या शब्दावर चालतात. 'करार' टाकलं तर 'कराराच्या' येईलच असं नाही. डॉकफेचरमध्ये 'करार*' असं लिहा. आपल्या भाषेत प्रत्येक शब्दाला प्रत्यय लागतो त्यामुळे ही तारका विसरलात की फाइल असूनही सापडत नाही आणि माणूस सॉफ्टवेअरला नावं ठेवतो.

टर्मिनलवाली:
स्कॅनबद्दल कुणी बोललं नाही. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, 40 एमबीची असली तरी त्यात एकही अक्षर नसतं, सूचीत काय जाणार? आधी ओसीआर करून घ्या, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं. उघडून एखादा शब्द माउसने सिलेक्ट होतोय का बघा, नाही झाला तर फोटोच आहे. मी लिनक्सवर रीकॉल हा मजकूर शोधणारा प्रोग्रॅम वापरते, त्याला टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्रॅम जोडला की तो ओसीआरही करतो, विंडोजवर मात्र रीकॉलला थोडे पैसे पडतात.

आणि कृपा करून हे बघाच, इंडेक्स म्हणजे तुमच्या मजकुराची जवळजवळ दुसरी प्रत. करार गोपनीय असतील आणि फोल्डर एन्क्रिप्ट केला असेल पण इंडेक्स बाहेर उघडा पडला असेल तर कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं झालं.

पानोपान:
हे इंडेक्सच्या जागेचं मला कधी सुचलंच नव्हतं, आज बदलते. बाहेरच्या डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये एनटीएफएस नाही, एक्सफॅट लिहिलंय. म्हणून ती परत परत वाचली जात होती का?

जुनीफ्लॉपी:
तुमच्या सॉफ्टवेअरचं सांगता येत नाही, पण एक्सफॅटला एमएफटीही नाही आणि जर्नलही नाही, त्यामुळे काय बदललं ते कळायला एकेक फोल्डर फिरावाच लागतो. एव्हरीथिंगमध्येही ती डिस्क फोल्डर म्हणून वेगळी जोडावी लागेल. विंडोजची कन्व्हर्ट कमांड एक्सफॅटवर चालत नाही, म्हणजे सगळं दुसरीकडे कॉपी करून, कॉपी उघडून तपासून, मगच फॉरमॅट. घाई करू नका. आणि ती डिस्क मॅकला लावत असाल तर राहू द्या, मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही.

पानोपान:
मॅक नाहीये, पण फॉरमॅट सध्या नको, दुसरी डिस्क आली की बघू. बाकी केलं. एव्हरीथिंग चहा गार व्हायच्या आत तयार. डॉकफेचरला फक्त कामाचे 6 फोल्डर दिले, रात्री लावून झोपले, सकाळी झालेलं होतं. 'अहस्तांतरणीय' टाकलं, काहीच नाही. मग तारका लावून 'हस्तांतर*' टाकलं आणि 3 फायली आल्या, त्यातल्या एकीत मी 'हस्तांतरणास अपात्र' असं लिहिलेलं निघालं. सॉफ्टवेअर बरोबर होतं, शब्दच मला चुकीचा आठवत होता. आता स्कॅन काढून बसलेय, 212 निघालेत ज्यात माउसने काहीच सिलेक्ट होत नाही.