नळीने फीड दिलं की उलटी होते. घरी कोण देतं?

अन्वीची आई, इचलकरंजी
मुलगी चार वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नाही), वजन साडेनऊ किलो. घास श्वासनलिकेत जायचा, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, म्हणून दीड महिन्यापूर्वी रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घातली. वॉर्डात एकदा करून दाखवलं आणि घरी सोडलं. तेव्हापासून रोज दोन तरी उलट्या. एका वेळी १५० मिली देते, दूध नाहीतर मुगाचं कढण, कधी नाचणी. सिरिंजचा दट्ट्या दाबून पाच-सात मिनिटांत संपवते, कारण ती रडते. चिकटपट्टीने गाल सोलवटलाय.
आणि एक गोष्ट मनातून जातच नाही. आधी बोटाला वरण लावून दिलं की चाटायची. आता चमचा दिसला तरी मान फिरवते. सासूबाई म्हणतात, नळीने पोरीची चव मेली. असं होतं का?

साताऱ्याचा बाबा
ताई, दट्ट्या दाबू नका. आम्हीही तेच करायचो. दट्ट्या काढून टाका, सिरिंज उभी धरा, फीड आपसूक उतरू द्या. वेग कमी करायचा तर सिरिंज खाली घ्यायची. २० ते ३० मिनिटं लागली पाहिजेत. डोकं-छाती उंचावर हवी, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. आमच्या मुलाच्या निम्म्या उलट्या एवढ्यानेच थांबल्या. उरलेल्यांचं कारण बद्धकोष्ठ निघालं. तिला शौचाला रोज होतं का, तेही बघा.

वॉर्डातली सिस्टर
बाबांचं बरोबर आहे. भर एवढीच: दर फीडआधी नळी पोटातच आहे ना, हे तपासा. सिरिंजने पोटातला थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणारी पट्टी) टाका, आकडा ५.५ किंवा कमी यायला हवा. ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर आकडा वाढू शकतो, तेव्हा तुमच्यासाठी किती चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसती हवा मारून पोटावर आवाज ऐकणं भरवशाचं नाही. नाकाजवळ नळीवर पेनाने खूण करा, ती सरकलेली दिसली तर फीड देऊ नका. फीड चालू असताना खोकला आला, ओठ निळसर झाले, तर तिथेच थांबवून दवाखाना गाठा.
नाचणी गार झाली की घट्ट होते आणि नळी तुंबते. पातळ करा, बारीक गाळणीने गाळा. औषध फीडमध्ये कालवू नका, वेगळं द्या, आधी-नंतर कोमट पाणी सोडा. गालावर आधी हायड्रोकोलॉइडचा (त्वचा जपणाऱ्या मऊ पट्टीचा) तुकडा लावून त्यावर चिकटपट्टी लावा. नळी बदलताना दर वेळी नाकपुडीही बदला.

अन्वीची आई
खूण नव्हतीच. आज केली. डॉक्टर आता पोटाला भोक पाडून थेट नळी घालायचं म्हणताहेत, पेग. मला भीती वाटते.

साताऱ्याचा बाबा
आम्ही दोन वर्षांपूर्वी केलं. गाल आणि नाक सुटलं, पण त्या नळीचेही त्रास आहेत, ते आधीच माहीत असू द्या. भोकाभोवती लालभडक ओलसर मांस वाढलं, कपडा घासला की रक्त. डॉक्टरांनी ते जाळायला सिल्व्हर नायट्रेट लावलं, तिसऱ्या खेपेला बसलं. एकदा नळी रात्री निघाली आणि आम्ही सकाळपर्यंत थांबलो. भोक काही तासांतच आवळतं, पुन्हा घालताना फार रडला. तुम्ही अजिबात थांबू नका.
चवीचं म्हणाल तर ती मरत नाही. नाक-घशाला सतत काहीतरी टोचतं, वर उलट्या, मग तोंडाजवळ येणाऱ्या प्रत्येक वस्तूची धास्ती बसते. गिळण्याच्या थेरपिस्टने आधी तपासलं, मग आम्ही फीड चालू असताना ओठांना फक्त वरणाचं बोट लावायचो. गिळायला काही नाही. तीन महिन्यांनी त्याने स्वतः बोट धरलं.

अन्वीची आई
नऊ दिवस झाले. दट्ट्या काढलाय, घड्याळ लावून अर्धा तास देते. कालपासून उलटी नाही. गाल अजून लाल आहे. थेरपिस्टची वेळ गुरुवारी मिळाली. तोवर बोट लावायचं थांबवलंय. फीड देताना ताटात वरणभात घेऊन मीच तिच्यासमोर जेवायला बसते. ती बघते.