पहिलं कन्फेशन: लेक घाबरलीय, कशी तयारी करून घेऊ?

वसईची आई:
लेक आठ वर्षांची. पुढच्या महिन्यात पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घेणं), त्याआधी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. काल रात्री उशीत तोंड खुपसून रडली. "फादर माझं पाप पप्पांना सांगतील का?" आजीच्या डब्यातले दोन लाडू खाल्ले आणि नाव धाकट्यावर ढकललं, एवढंच ते. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ आहे, पण ऐनवेळी पाय अडतील अशी मला धास्ती वाटते.

धर्मशिक्षणाच्या बाई:
ताई, आधी तिची ती भीती काढा. कबुलीत ऐकलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत, अगदी बिशपांनाही नाही. थेट गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्यात बहिष्काराची शिक्षा आहे. वर्गात हे सांगितलं की मुलांचे खांदे सैल पडतात, दरवर्षी बघते. आणि कृपा करून तिच्या पापांची यादी तुम्ही लिहून देऊ नका. दहा आज्ञांवरून साधे प्रश्न विचारा, उत्तरं तिची तिला मनात देऊ द्या.

दोन मुलांचा बाप:
रिकाम्या चर्चमध्ये एकदा नेऊन आणा. आणि तुम्ही स्वतः कबुलीच्या रांगेत उभ्या राहा, तिच्यादेखत. माझ्या मुलाला तेच लागू पडलं. शब्द विसरले तर फादर सांभाळून घेतात.

वसईची आई:
आज जाऊन आलो. तिनं कबुलीच्या जागेतल्या जाळीच्या भोकांतून बोट घालून पाहिलं, मग हळूच विचारलं, "आजीलाही सांगू का?" मला भरून आलं. एक राहिलं: फादर प्रायश्चित्त म्हणून जी प्रार्थना देतील, ती घरी म्हटली तर चालेल?

धर्मशिक्षणाच्या बाई:
चालेल, पण तिथेच बाकावर म्हणायला लावा. घरी आलं की विसरतात पोरं.