नायक मरणार नाही हे ठाऊक असताना थरार येतो कुठून?

रात्रपाळी
मालिकांमधल्या थरारकथांवर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: नायक पुढच्या पुस्तकात असणारच, मग धाकधूक कसली? ली चाइल्डच्या जॅक रीचर मालिकेतली चौदावी कादंबरी '६१ अवर्स' (२०१०) नुकतीच संपवली, आणि हा आक्षेप मला साफ चुकीचा वाटतो.

साउथ डकोटातलं बोल्टन गाव, ऐन हिवाळा. बस बर्फावरून घसरते आणि रीचर तिथे अडकतो. गावात जेनेट सॉल्टर ही निवृत्त ग्रंथपाल राहते. अमली पदार्थांचा सौदा तिने डोळ्यांनी पाहिलाय आणि ती साक्ष देणार आहे. तिला मारायला कुणीतरी येणार. घराला पोलिसांचा पहारा आहे, पण तुरुंगाचा भोंगा वाजला की गावातल्या पोलिसांनी सगळं सोडून तिकडे धावायचं, असं आधीच ठरलेलं आहे. म्हणजे भोंगा वाजला की बाई उघड्यावर! हे एकदा कळलं की पुढे काहीही घडत नसलेलं पानसुद्धा श्वास रोखून वाचावं लागतं. त्यात पहिल्या पानापासून उलटी मोजणी: 'ते' घडायला एकसष्ट तास उरलेत. 'ते' म्हणजे काय, हे लेखक सांगत नाही.

रीचर वाचणार, कबूल. सॉल्टरबाई वाचतील याची हमी कुणी दिलीय? नायक अमर असतो म्हणूनच लेखक भोवतालच्या माणसांना इतकं धोक्यात घालू शकतो. माझा जीव त्या बाईत अडकला होता.

कोरा_कागद
सहमत नाही. एका पुस्तकापुरतं ठीक आहे, पण मालिका म्हणून बघा. १९९७च्या 'किलिंग फ्लोअर'पासून तेच: रीचर अनोळखी गावात येतो, गुंडांना लोळवतो, घडीचा टूथब्रश खिशात टाकून निघून जातो. आतून तो बदलतच नाही. याउलट इयन रँकिनचा एडिंबरातला रीबस घ्या. १९८७मध्ये सुरू झालेला हा पोलीस पुस्तकागणिक म्हातारा होतो आणि २००७च्या 'एक्झिट म्युझिक'मध्ये साठीला येऊन निवृत्त होतो. त्याच्याबाबतीत काळ खरंच निसटतोय असं वाटतं. उलटी मोजणी लावून ते येत नाही.

जुनी_रद्दी
बदल हवाच कशाला? आमच्या घरी बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळा पहाड वाचनालयातून यायचे, आणि घरातल्या सगळ्यांत आधी कोण वाचणार यावरून भांडणं व्हायची. झुंझार झुंझारसारखाच वागणार, या भरवशावरच लोक पुढचं पुस्तक मागायचे. नायक तोच राहतो म्हणून या वेळचा पेच नवा आहे हे लख्ख दिसतं.

कोरा_कागद
@जुनी_रद्दी, तुमच्या बोलण्यातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. २०२०च्या 'द सेंटिनल'पासून ली चाइल्ड आपल्या धाकट्या भावासोबत, अँड्र्यूसोबत, लिहू लागला. नायक दुसऱ्याच्या हाती सोपवता येत असेल तर तो माणूस नाही, साचा आहे.

रात्रपाळी
साचा असेलही, पण '६१ अवर्स'मधला भोंगा त्या साच्यात नव्हता. तो या एका गावासाठी रचला आहे. आणि रीबसचं म्हातारपण मला आवडतं, पण त्यासाठी मी रात्र जागवलेली नाही.

घाटवळण
तुम्ही दोघेही एक गोष्ट सोडताय. '६१ अवर्स'मध्ये रीचर फोनवर सुसान टर्नरशी बोलतो. ती व्हर्जिनियात त्याच्या जुन्या लष्करी तुकडीची प्रमुख आहे. नुसत्या आवाजावर त्याचं मन तिच्यात गुंततं आणि तिला भेटायला तो जे निघतो ते २०१३च्या 'नेव्हर गो बॅक'मध्ये पोचतो. 'आतून बदलत नाही' म्हणणाऱ्यांनी हे सलग वाचावं.

आणि @रात्रपाळी, शेवट फोडत नाही, पण 'रीचर वाचणार, कबूल' हे वाक्य तुम्ही शेवटचं पान वाचून झाल्यावरही इतक्या खात्रीने कसं लिहिलंत? लेखकाने त्या खात्रीलाच हात घातलाय. मालिकेतली पुढची 'वर्थ डाइंग फॉर' २०१०मध्येच आली, ती आता लगेच घ्या. मध्ये दुसरं काही वाचू नका.