शब्दचर्चा : ‘वेट-ऑन-वेट’ला मराठीत काय म्हणायचं?

रेघोटी : छंदवर्गात वाटण्यासाठी जलरंगावरची दोन पानी टिपणी मराठीत करायची आहे. वर्गात आठवीतली मुलं आहेत तशी निवृत्त मंडळीही. पहिल्या मसुद्यात वेट-ऑन-वेटचं (ओल्या कागदावर ओला रंग टेकवण्याचं) ‘आर्द्रावर आर्द्र’, वॉशचं ‘प्रक्षालन’, ग्लेझचं ‘झिलई’ आणि लिफ्टिंगचं (दिलेला रंग कागदावरून काढून घेण्याचं) ‘उत्थापन’ झालंय. असं वाचून कोणी ब्रश हातात धरेल असं वाटत नाही. इंग्रजी शब्द तसेच देवनागरीत लिहायचे की मराठीत काही चालण्यासारखं आहे? शब्दाबरोबर कृतीही सांगितलीत तर टिपणीत घेता येईल.

दोनहात : प्रक्षालन म्हणजे धुणं. इथे धूत काहीच नाही, उलट चढवतोय. ‘लेप’ही नको, तो चंदनाचा किंवा हळदीचा, जाडसर. रंगाऱ्यांचा शब्द घ्या : हात. ‘भिंतीला दोन हात दे’ हे सगळ्यांना कळतं. आकाशाला पहिला हात, वाळला की डोंगराला दुसरा. ‘वॉश’ हा शब्दही वर्गात रुळलेला आहे, तोही राहू द्या. फक्त टिपणीत एकदा ‘वॉश म्हणजे पातळ रंगाचा सलग हात’ असं लिहा.

आता सपाट हाताची कृती. ए-४ कागद, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड). पाठीमागे पुस्तक ठेवून फळी तीन-चार सेंटिमीटर उचला. वाटीत रंग आधीच कालवून ठेवा. अर्ध्या पानाच्या आकाशाला तीन चहाचे चमचे पाणी धरा, उरला तर उरला. एक इंची चपटा ब्रश किंवा १२ नंबरचा गोल. वरच्या कडेपासून आडवा पट्टा ओढला की त्याच्या खालच्या कडेला रंग साचतो, वळचणीला पागोळी लोंबावी तसा. पुढचा पट्टा त्या साचलेल्या रंगाला जेमतेम टेकवून ओढायचा, म्हणजे तो खाली सरकतो. शेवटच्या पट्ट्यातलं साचलेलं पाणी पिळून घेतलेल्या ब्रशने टिपून घ्यायचं. ते राहून गेलं तर बाकीचा हात वाळेपर्यंत ते वर चढतं आणि डाग पाडतं.

पट्टे दिसण्याची कारणं दोनच. निम्म्यावर रंग संपला आणि नवा कालवेपर्यंत कड वाळली, किंवा वर एक जागा पांढरी राहिली म्हणून ब्रश परत तिकडे नेला. राहिली तर राहू द्या, वाळल्यावर बघता येतं.

टीपकागद : मूळ प्रश्न वेट-ऑन-वेटचा आहे. ‘ओल्यावर ओलं’ म्हणा, विषय संपला.

आंबटओलं : विषय तिथेच सुरू होतो. ‘ओलं’ म्हणजे किती ओलं? जलरंगात सगळी फसगत त्या एका शब्दात आहे. इंग्रजीतही त्यांना वेट, मॉइस्ट, डॅम्प असं वेगळं करावं लागतं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि दोरीवर न वाळणारे कपडे, त्यामुळे ओलाव्याला शब्द भरपूर आहेत. ते पायरीनं लावले तर टिपणीचं अर्धं काम होईल :

निथळता – कागद उभा धरला तर पाणी खाली धावतं. आत्ता रंग टाकला तर तो ताब्यात राहत नाही. थांबा.

ओला – पाणी साचलेलं नाही, पण तिरप्या नजरेनं बघितलं तर कागद सगळीकडे सारखा चकाकतो. रंग टेकवताच लांब पसरतो, कड उरत नाही. पावसाळी आकाश, धुकं, दूरचं पाणी इथे.

ओलसर – चकाकी नुकतीच गेली, आता रेशमी तकाकी उरलीय. जाड रंग टेकवला तर थोडा सरकतो, आकार टिकतो, कड मऊ राहते. लांबची झाडी, ढगाची खालची बाजू इथे.

आंबटओला – दिसायला वाळलेला, पण हाताची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. इथे ब्रश लावू नये.

कोरडा – गार लागत नाही. दुसरा हात द्यायला हा.

सगळ्यात जास्त चित्रं आंबटओल्या पायरीवर बिघडतात. डोळ्याला कागद वाळलेला वाटतो, म्हणून माणूस पाणीदार ब्रश टेकवतो. आधीचा रंग आतून ओला असतोच. नवं पाणी त्यात घुसतं, रंगाचे कण बाहेर ढकलतं, आणि जिथे थांबतं तिथे ते कण दातेरी रेघेत साचतात. त्यालाच फुलकोबी म्हणतात. नियम एकच : दुसऱ्यांदा टेकवताना ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी असलं पाहिजे.

खडूडस्टर : ‘आंबटओलं’ उत्तम. कपड्यांचा शब्द आहे, घरातल्या प्रत्येकाला माहीत. मात्र ‘ओलसर’ आणि ‘आंबटओलं’ यांत बोलताना लोक फरक करत नाहीत. नवशिक्याला ‘कागद ओलसर झाला की झाडं काढा’ म्हटलं तर तो नेमका आंबटओल्यावर काढणार.

बांधावरून : त्या मधल्या पायरीला शेतीतला तयार शब्द आहे : वाफसा. पाऊस पडून गेल्यावर रान लगेच पेरत नाहीत. पाणी मुरतं, वरची चकाकी जाते, माती पायाला चिकटत नाही पण आत ओल असते. त्या अवस्थेला वाफसा आला म्हणतात. वाफशाआधी औत घातलं तर चिखल आणि मग ढेकळं, उशीर झाला तर ओल गेली. कागदाचंही तेच : ‘कागद वाफशावर आला की झाडी टाका.’ या शब्दात अवस्था आहे आणि थांबण्याची सूचनाही आहे. ‘ओलसर’ म्हटल्यावर ती मिळत नाही.

टीपकागद : शहरातल्या मुलांना वाफसा कुठे माहीत असणार?

बांधावरून : ‘वेट-ऑन-डॅम्प’ तरी कुठे माहीत होतं? दोन्ही समजावूनच सांगायचे तर मराठीतला सांगा. शिवाय वर्गात निवृत्त मंडळी आहेत म्हणताय, त्यांतले निम्मे तरी गावाकडचे निघतील.

आंबटओलं : वाफसा मान्य, माझ्या यादीतला ‘ओलसर’ खोडला. रेघोटी, टिपणीत हा सराव घाला. एकाच कागदावर ५ × ५ सेंटिमीटरचे पाच चौकोन आखा, मध्ये दोन बोटं जागा सोडा. पंखा बंद. पाचही चौकोन एकदम स्वच्छ पाण्याने सारखे ओले करा. पहिल्यात लगेच दाट निळ्याचा ठिपका टेकवा, मग दर दोन मिनिटांनी पुढच्यात, प्रत्येक वेळी तेवढाच रंग. खाली पेन्सिलीनं मिनिटं लिहा आणि ‘चकाकी होती’, ‘तकाकी होती’, ‘गार लागत होता’ असंही लिहा. हाच सराव एप्रिलमध्ये विदर्भात आणि जुलैमध्ये कोकणात केला तर मिनिटं पार बदलतील. चकाकीची खूण बदलणार नाही. म्हणून शिकवताना घड्याळ सांगू नका, चकाकी सांगा.

खळ : पावसाळ्यासाठी आणखी एक शब्द : सादळणे. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, तसा कागदाचा पॅडही सादळतो. चित्रकागदाला कारखान्यात जिलेटिनची किंवा तत्सम खळ दिलेली असते. तीच पाण्याला काही काळ वर थोपवून धरते. साड्यांना खळ देतात, त्यामुळे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दमट कपाटात पॅड वर्षभर पडला की खळ जागोजागी मरते. तिथे रंग टेकवताच आत शोषला जातो आणि न जाणारे गडद ठिपके पडतात, टीपकागदावर शाई पडावी तसे. (वरच्या सदस्यांनी नाव काय घेतलंय ते आत्ता लक्षात आलं.) शिकणाऱ्याला वाटतं आपला हात चुकला. चूक कागदाची असते. पॅड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद ठेवा. खळ मेलेला कागद पेन्सिलीच्या कामाला चालतो.

खोडरबरही याच कारणानं जपून. जोरात घासला तर वरची खळ आणि कागदाचे तंतू दोन्ही उखडतात. मग वॉश दिला की नेमकं तेवढंच गडद दिसतं. रेखाटन २बी पेन्सिलीनं, न दाबता.

रेघोटी : रेखाटन की रेखांकन?

खडूडस्टर : रेखाटन. रेखांकन आता जमिनीचे प्लॉट पाडण्याला म्हणतात. नगररचनेच्या कागदात ‘मंजूर रेखांकन’ असतं. तसंच टोनल व्हॅल्यूचं, म्हणजे रंगाच्या उजळ-गडदपणाचं, ‘मूल्य’ करू नका. ‘भिंतीचं मूल्य कमी करा’ हे दलालाचं वाक्य वाटतं. ‘भिंत एक पायरी उजळ ठेवा’ म्हणा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्यांना स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द पाठ आहेत, ते जसेच्या तसे वापरा. कुंचला शब्द गोड आहे, पण वर्गात ‘आठ नंबरचा कुंचला दे’ असं कोणी म्हणत नाही. ब्रशच लिहा.

दोनहात : दाटपणाला एक सुचवतो. कोरा चहा, दूध, साय, लोणी ही उपमा पुष्कळ वर्गांत चालते. आपल्याकडे त्याहून सरळ माळ आहे : ताकावरची निवळ, ताक, दही, चक्का. एकाच दुधातलं पाणी कमी होत जातं, जसं एकाच रंगातलं. पहिला हात निवळीचा, दुसरा ताकाचा, वाफशावरची झाडी दह्याची, शेवटच्या फांद्या आणि खिडक्या चक्क्याच्या.

आंबटओलं : दाटपणापुरतं ठीक. पण ताक अपारदर्शक असतं. नवशिक्याला ‘ताकासारखा’ म्हटलं की तो पांढरा मिसळतो, आणि रंग दुधाळ होतो. जलरंगात फिका करायला पाणी घालायचं, पांढरा नाही. पांढरा घातला की खालचा कागद झाकला जातो आणि चित्र पोस्टर रंगाचं दिसायला लागतं. पहिल्या पायरीला कोरा चहाच ठेवा, त्यातून कपाचा तळ दिसतो. पुढे दही-चक्का चालेल.

दोनहात : कोरा चहा, मग दही? पंगत विचित्र झाली, पण मुद्दा बरोबर आहे.

पांढरंराखा : पांढऱ्यावरून एक क्रियापद : राखणे. कुरण राखतात तसा कागद राखायचा. ‘व्हाइट सोडा’पेक्षा ‘कागद राखा’ म्हटलं की आधीच ठरवावं लागतं हे कळतं. मास्किंग फ्लुइडला (राखायच्या जागेवर आधी लावायच्या आणि नंतर सोलून काढायच्या द्रवाला) ‘चीक’ म्हणता येईल, मुळात तो रबराचा चीकच असतो. ब्रश आधी साबणात बुडवून मगच चिकात घाला, नाहीतर ब्रश गेला. रंग पूर्ण वाळल्याशिवाय चीक काढू नका आणि दिवसेंदिवस कागदावर राहूही देऊ नका, मऊ कागद सोलून निघतो.

‘जलरंग म्हणजे फिकं काम’ असा समजही टिपणीत खोडा. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते १९४५-४६च्या सुमाराचं जलरंगचित्र आहे.

खळ : मसुद्यातल्या ‘झिलई’चं राहिलं. झिलई म्हणजे चकाकणारा मुलामा, भांड्याला किंवा चिनी मातीला. जलरंगातलं ग्लेझ चकाकत नाही. वाळलेल्या रंगावर पारदर्शक रंगाचा पातळ हात, खालचा रंग त्यातून दिसत राहतो. ‘पारदर्शक थर’ म्हणा. ‘पूट’ नको, पुटं धुळीची चढतात. खालचा थर खडखडीत वाळलेला हवा आणि ब्रश मऊ, एकदाच फिरवायचा. तीन-चार थरांनंतर चित्र गढूळ दिसायला लागतं, विशेषतः एकमेकांविरुद्धचे रंग, म्हणजे हिरव्यावर लाल वगैरे, चढवले तर.

आणि ग्रॅन्युलेशनला, म्हणजे रंग दाणेदार दिसण्याला, ‘कणीभवन’ वगैरे करणार असाल तर थांबा. अल्ट्रामरीन, सेरुलियन, व्हिरिडियन हे रंग ‘रवाळ’ बसतात. तूप रवाळ असतं तसेच. कण एकमेकांना धरतात आणि दाणेदार कागदाच्या खळग्यांत बसतात. पाणी जास्त आणि कागद खरखरीत असेल तर रवा अधिक दिसतो, गुळगुळीत कागदावर कमी. जुनी दगडी भिंत, ओली वाळू, पावसाचे ढग यांना हवाच. गालाला नको.

टीपकागद : रवाळ घेतला. एवढ्यासाठी चर्चा वाचल्याचं सार्थक झालं.

रेघोटी : लिफ्टिंग तेवढं राहिलं. ‘उचलणे’ लिहू?

पांढरंराखा : एक शब्द पुरणार नाही, मराठीत तीन वेगळी कामं आहेत.

टिपणे : रंग ओला असताना. ब्रश धुऊन, फडक्यावर पिळून, नुसता टेकवायचा. घासायचं नाही. ढगाची पांढरी बाजू अशी निघते. दर टेकवण्यानंतर ब्रश परत पुसायचा, नाहीतर टिपलेला रंग पुन्हा तिथेच बसतो.

उचलणे : रंग वाळल्यावर. ओलसर, थोड्या ताठ ब्रशनं हलकेच चोळून रंग सैल करायचा आणि टिश्यूनं दाबून घ्यायचा. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना बऱ्यापैकी उचलतात. प्रशियन ब्लू आणि थॅलो ब्लू कागदात मुरतात, त्यांचा डाग राहतोच. म्हणून ज्या जागेतून पुढे उजेड काढायचा आहे तिथे मुरणारा निळा घालू नका.

खरवडणे : पूर्ण कोरड्यावर, ब्लेडच्या टोकानं. पाण्यावरची चमक, गवताची एखादी काडी. याच्यानंतर त्या जागी रंग देता येत नाही, कारण खळ गेलेली असते. त्यामुळे हे सगळ्यात शेवटी.

रेघोटी : टिपणे, उचलणे, खरवडणे. तिन्ही घेतले. ‘उत्थापन’ कापलं.