मदत हवी आहे: ॲक्सल सरकवल्यापासून व्हीलचेअरची पुढची चाकं थरथरतात

नमस्कार मंडळी,

माझी व्हीलचेअर हलकी, घडी न होणाऱ्या फ्रेमची आहे. टी-१२ (छातीमागच्या मणक्यांतला शेवटचा) पातळीवर मणक्याला इजा आहे. हात, पोट, तोल सगळं चांगलं आहे आणि दिवसभर खुर्ची मीच चालवते.

खुर्ची आली तेव्हा मागची चाकं अगदी मागच्या भोकांत बसवलेली होती. तसं बसवलं की खुर्ची उलटत नाही हे खरं, पण ढकलायला रणगाडा. रिम (मागच्या चाकाबाहेरची, हाताने ढकलायची कडी) पकडायला दंड पार मागे न्यावा लागे आणि संध्याकाळपर्यंत खांद्याची पुढची बाजू ठणकायला लागे. म्हणून भावाच्या मदतीने ॲक्सल ३ सेंमी पुढे आणि २ सेंमी वर घेतला. ॲक्सल वर म्हणजे सीटची मागची बाजू तेवढीच खाली. आता रिमच्या सर्वांत वरच्या बिंदूवर हात ठेवला की कोपरात साधारण ११० अंशांचा कोन होतो. फिजिओने १०० ते १२० सांगितला होता, म्हणजे तिथे तरी बरोबर आहे. खांदा खरंच शांत झालाय.

पण नव्या तक्रारी सुरू झाल्या:

जरा वेग घेतला की पुढची छोटी चाकं थडथड करत डावी-उजवीकडे नाचतात. फुटरेस्टवर पाय हलतात इतकी.

खुर्ची सतत डावीकडे ओढते.

मागे घेताना छोटी चाकं उलटी वळतात, त्या क्षणी पाय किंचित खाली गेल्यासारखे वाटतात. हा भास आहे की काय कळेना, म्हणून भावाला फुटरेस्टखाली पट्टी धरायला लावली. खरंच काही मिलिमीटर खाली जातं.

आणि ब्रेक. चाक पुढे आलं म्हणून ब्रेकचा क्लॅम्प पुढे सरकवावा लागला. उजवा घट्ट बसतो, डावा लावलेला असतानाही चाक जोर दिला की फिरतं. पलंगावर सरकताना हे अजिबात परवडणारं नाही, सध्या डावीकडे भिंतीचा टेकू घेते.

मागच्या चाकांना ३ अंशांचा कॅम्बर (चाक वर आत आणि खाली बाहेर असा तिरपेपणा) आहे. सगळं पूर्ववत करायचा सल्ला कृपया देऊ नका, खांदा मला जास्त प्यारा आहे. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

पाय खाली जातात हे तुम्ही बघितलंत, तिथेच उत्तर आहे. मागची बाजू २ सेंमी खाली गेली म्हणजे अख्खी फ्रेम मागे कलली, आणि फ्रेमबरोबर पुढच्या चाकांचा उभा दांडाही. तो जमिनीशी काटकोनात हवा. मागे झुकला की चाक नेहमीसारखं मागे असताना फ्रेमचं नाक वर उचललेलं राहतं. चाकाला तिथे राहायचं नसतं, ते सतत बाजूला पळायला बघतं. थरथर त्यातूनच.

टायरमध्ये हवा पूर्ण भरा (किती ते टायरच्या कडेला छापलेलं असतं), सपाट फरशीवर खुर्ची ठेवा, कुणाला तरी तुमच्या वजनाचं बसवा. सुताराचा गुण्या फरशीवर उभा करून दांड्याच्या घराला लावा. बाजूने बघा आणि समोरूनही बघा. बहुतेक रिजिड खुर्च्यांना तिथे कोन बदलायचा स्क्रू असतो. दोन्ही बाजू सारख्या करा.

मग दांड्याचा नट. खुर्ची मागे कलती करून छोटं चाक बोटाने वर फिरवा आणि सोडा. ते स्वतःच्या वजनाने खाली पडून एकदा झुलून थांबायला हवं. झुलतच राहिलं तर नट सैल, वरच अडकून बसलं तर जास्त आवळलाय.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मागची चाकं विसरू नका. कॅम्बर असलेल्या खुर्चीची फ्रेम मागे कलली की ॲक्सलची नळीही (दोन्ही मागच्या चाकांमधली आडवी नळी) फिरते आणि चाकांची पुढची कड बाहेर फाकते. डोळ्याला दिसत नाही, ढकलताना मात्र दंडाला कळतं. कॅम्बर शून्य असता तर हा प्रश्नच आला नसता.

मोजायचं असं: दोन्ही टायरवर पुढच्या बाजूला, ॲक्सलच्या उंचीवर, खडूने खूण करा. दोन खुणांमधलं अंतर घ्या. मग खुर्ची सरळ पुढे ढकला, त्याच खुणा मागच्या बाजूला ॲक्सलच्या उंचीवर येईपर्यंत, आणि पुन्हा मोजा. त्याच खुणा वापरायचं कारण असं की चाक थोडं वाकडं असलं तरी आकडा फसत नाही. दोन्ही अंतरं सारखी येईपर्यंत नळी तिच्या क्लॅम्पमध्ये फिरवा.

क्रम पाळा. आधी हवा, मग ॲक्सल, मग पुढचे दांडे, मग ही नळी, आणि ब्रेक सगळ्यात शेवटी. हवा कमी असताना ब्रेकची जागा ठरवलीत तर हवा भरल्यावर तो लागणारच नाही, उलट केलंत तर पकडणार नाही. तुमच्या डाव्या टायरची हवा आधी बघा. डावा ब्रेक सैल आणि खुर्ची डावीकडे ओढते, या दोन गोष्टी एकाच कारणाच्या असू शकतात.

प्रतिसाद ३

ताई, माझे दोन्ही पाय मांडीपासून नाहीत, त्यामुळे माझं वजन मागेच असतं आणि मला ॲक्सल उलट मागे घ्यावा लागला. सांगायचा मुद्दा, ३ सेंमी एकदम पुढे हे पुष्कळ झालं. चढावर किंवा पाठीमागे जड बॅग अडकवून बघितलंत का? हात बसेपर्यंत अँटी-टिपर (खुर्ची मागे उलटू नये म्हणून मागे लावायच्या छोट्या चाकांच्या दांड्या) लावून ठेवा. दुसरं म्हणजे चाकं काढून पुन्हा बसवलीत ना, तर चाकाच्या मधलं, चाक सोडवायचं बटण पूर्ण बाहेर आलंय ना बघा आणि बटण न दाबता चाक बाहेर ओढून बघा. हे मी रोज सकाळी करतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. अँटी-टिपर लावलेत, बॅग सीटखाली गेली.

डाव्या टायरची हवा उजव्याच्या निम्मी निघाली! व्हॉल्व्हमधून गळत होती. ट्यूब बदलली, हवा भरली आणि डावा ब्रेक काहीही न सरकवता पकडायला लागला. गुण्या लावला तर दोन्ही दांडे चांगलेच मागे झुकलेले. सरळ केल्यावर पाय खाली जाणं बंद. खुणांमधलं अंतर पुढे ३ मिलिमीटर जास्त होतं, नळी फिरवून ते शून्यावर आणलं. ढकलल्यावर खुर्ची आता नुसती वाहत जाते.

उरलेलं: डावीकडे ओढणं कमी झालंय पण गेलेलं नाही. आणि वेगात उजवं छोटं चाक अजून किंचित थरथरतं, डावं नाही.

प्रतिसाद २

फरशीच्या एकाच पट्ट्यात खुर्ची जाताना आणि येताना, दोन्हीकडून सोडून बघा. ओढायची दिशा बदलली तर उतार फरशीचा आहे, खुर्ची निर्दोष. नाही बदलली तर डावं छोटं चाक फोर्कमधून काढा. ॲक्सलभोवती केसांचा आणि दोऱ्याचा गुंता असतो, बेअरिंग जड होतं आणि खुर्ची त्या बाजूला वळते. चिमट्याने ओढून काढा, ब्लेडने कापताना सील फाटतं. उजव्याचा नट झुलवून तपासलात का?

धागाकर्ती

दिशा बदलत नाही. डावं चाक काढलं, माझ्याच केसांची चांगली जाड अंगठी निघाली. उजव्याचा नट सैल होता, पाव फेरा आवळला आणि थरथर गेली.

आता एकच विचारते. सीट मागे खाली गेल्यामुळे पाठही मागे कलली आहे आणि मान पुढे काढून बसावं लागतं. बॅकरेस्टचा कोन उभा करू, की आधी पाठीच्या कापडाचे पट्टे सैल-घट्ट करून बघू?

प्रतिसाद १

आधी कोन. फ्रेम जितकी कलली तितकाच पुढे घ्या, त्याहून जास्त नको, नाहीतर पोटाला घडी पडेल आणि तुम्ही पुढे घसराल. पट्टे त्यानंतर: कमरेजवळचे घट्ट, वरचे थोडे सैल. आणि कुशनवर बसूनच तपासा.