संग्रहालयाच्या सभासदांना 'आतलं' दाखवायचंय, नेमकं काय दाखवावं?

जुनापेटारा:
मी एका छोट्या इतिहास संग्रहालयाच्या मित्रमंडळात स्वयंसेवक आहे. मित्रमंडळ म्हणजे वर्षाची वर्गणी भरणारे, जमेल तशी देणगी देणारे, संग्रहालयावर खरंच जीव असलेले लोक. पद्धत तशी जुनीच, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या मित्रांची संस्था १८९७ पासून आहे. तर यंदा असं ठरलंय की या लोकांसाठी एक संध्याकाळ ठेवायची, पण नेहमीची दालनं नाहीत, मागचं स्टोअर, संवर्धनाची खोली, नोंदवह्या असं काहीतरी. जबाबदारी माझ्याकडे आलीय आणि मला ती मनापासून नीट पार पाडायचीय पण दोन्हीकडून ओढाताण चाललीय. कमिटी म्हणते सगळ्यात भारी वस्तू काढून टेबलावर मांडा, ६० लोक बोलवा, एक भाषण ठेवा. स्टोअर सांभाळणाऱ्या ताई म्हणतात ६० माणसं आत येणार असतील तर मी कुलूपच उघडणार नाही.

मला ताईंचं पटतं, पण कमिटीला सांगायला ठोस काहीतरी हवं ना. कोणी असे कार्यक्रम केले असतील किंवा सभासद म्हणून गेला असाल तर सांगा, लोकांना काय आवडतं, एका वेळी किती जण न्यावेत, वस्तू हातात द्याव्यात का, फोटोचं काय करायचं. आणि त्याच दिवशी देणगीचा विषय काढणं बरं दिसतं का?

शाईआणिकागद:
कागद आणि कापडाचं संवर्धन हेच माझं काम, आणि असे गट मी दर वर्षी आत घेते. सगळ्यात आधी, ताई बरोबर आहेत. स्टोअरमधली हवा महत्प्रयासाने एका जागी धरून ठेवलेली असते, आणि माणूस नुसता उभा राहिला तरी श्वासातून ओलावा आणि अंगातून उष्णता सोडतो. आमच्याकडे एकदा एका लहान खोलीत २२ जण अर्धा तास थांबले तर आर्द्रता ५१ वरून ५७ टक्क्यांवर गेली आणि खाली यायला रात्र गेली. तेव्हापासून आम्ही ८ च्या वर माणूस एका वेळी घेत नाही, आणि गंमत म्हणजे तो त्या दिवशीचा आलेख मी आता प्रत्येक गटाला दाखवते, हा उंचवटा बघा, ही माणसं आहेत. लोक एकदम गप्प होतात, आणि मग स्वतःहून विचारतात की आर्द्रता नोंदणारं हे यंत्र केवढ्याला येतं, किती खोल्यांत आहे, बाकीच्या खोल्यांत का नाही. भाषणाने हे होत नाही.

दुसरं, भारी वस्तू काढून मांडू नका. भारी वस्तू लोकांनी दालनात पाहिलेल्या असतात. ते आत येतात ते काम बघायला. एकच वस्तू घ्या जिच्यावर सध्या काम चाललंय आणि जी अर्धवट आहे. मी मागच्या खेपेला एक जुनं हिशेबाचं पान ठेवलं होतं. मायफळ आणि हिराकस यांची ती जुनी काळी शाई असते ना, तिच्यातलं आम्ल आणि लोह मिळून कागद खातं, त्यामुळे जिथे लेखणी दाबून चालली तिथे अक्षरंच गळून पडलेली, पान उजेडासमोर धरलं की जाळीसारखं दिसतं. मग खोलीतले दिवे बंद केले आणि टॉर्च पानाच्या बाजूने अगदी आडवी धरली. त्या तिरक्या उजेडात कागदावरच्या कोऱ्या खुणा वर आल्या, ओळी सरळ याव्यात म्हणून लिहिणाऱ्याने बोथट टोकाने आखलेल्या रेघा, आणि समासात सुईची बारीक भोकं. एक आजोबा पुढे वाकून म्हणाले, "अहो, म्हणजे त्याने आधी पान आखून घेतलं होतं." बस्स, मला त्या संध्याकाळी एवढंच दाखवायचं होतं.

हात लावायचं म्हणाल तर मूळ वस्तू नाही. पण हाताला काहीतरी द्या. आम्ही रद्दीतला जुना कागद आणि दुरुस्तीचा पातळ जपानी कागद देतो, फाटलेला तुकडा प्रत्येकाने जोडून बघायचा. आणि हातमोज्यांबद्दलही सांगा, कारण पांढरे सुती मोजे घालून जुनी पानं उलटायची हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. खरं तर मोज्यात बोटांना अंदाज येत नाही आणि कागदाची कड फाटते, म्हणून साध्या कागदासाठी स्वच्छ धुतलेले कोरडे हातच बरे. फोटो आणि धातूसाठी मात्र नायट्राइलचे, म्हणजे रबरासारखे पातळ मोजे लागतात, घामातलं मीठ धातूवर कायमचं उमटतं. हे ऐकून लोकांना आपण आतले झालो असं वाटतं.

वर्गणीदार_आजी:
मी सभासदाच्या बाजूने लिहिते. मी आजवर असे चार-पाच कार्यक्रम पाहिलेत. एका ठिकाणी पाऊण तास भाषणं झाली, आभार झाले, हार झाले आणि स्टोअरमध्ये आम्ही दहा मिनिटं होतो, तीही दारातून डोकावून. मी पुढच्या वर्षी वर्गणी भरली, पण मन लागलं नाही.

दुसऱ्या ठिकाणचं सांगते. माझ्या आईचं लुगडं मी त्या संग्रहालयाला दिलं होतं, बरीच वर्षं झाली. दालनात कधी दिसलं नाही, मनात यायचं की कुठेतरी बोळा करून टाकलं असेल. त्या दिवशी तिथल्या मुलीने मला न सांगता तो खण शोधून ठेवला होता. रुंद सपाट खण ओढला, वरचा पातळ कागद बाजूला केला, आणि आत लुगडं. घडी नव्हतीच, एका जाड नळीवर गुंडाळलेलं, मधे कागदाचे थर, का तर घडीवर धागा तुटतो. कडेला कापडी फितीवर नंबर लिहून ती अगदी बारीक टाक्यांनी टाचलेली. तिने तो नंबर रजिस्टरमध्ये काढून दाखवला, पुढे आईचं नाव, आणि मी तेव्हा सांगितलेलं सगळं, कुणाच्या लग्नात नेसली होती तेसुद्धा. मला रडू आवरेना. तर जुनापेटारा, तुमच्या पाहुण्यांच्या यादीत कुणी वस्तू दिलेले लोक आहेत का ते आधी रजिस्टरमधून काढा आणि त्यांचे खण तयार ठेवा. याहून मोठं काही तुम्ही त्यांना दाखवू शकणार नाही.

नोंदवही:
मी वस्तूंच्या नोंदी आणि ने-आण बघतो त्यामुळे माझं जरा कडक वाटेल. फोटो काढू द्या पण ठरवलेल्या टेबलापुरते. कपाटांवरचे जागेचे क्रमांक, कुलपं, कॅमेरे, मागचं दार हे फोटोत येता कामा नये, हे दारातच सांगा, नंतर टोकणं अवघड जातं. पिशव्या, ओल्या छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, खाणं सगळं बाहेर, आणि शाईची पेनं सुद्धा, आत फक्त पेन्सिल. खाण्यावर अडून बसायचं कारण किडे, एक कसर किंवा भुंगेऱ्याची अळी लोकरीच्या कपड्यात शिरली तर उणे ३० अंशाला तीन दिवस गोठवत बसावं लागतं, आणि नंतर पिशवी लगेच उघडायची नाही, वस्तू खोलीच्या तापमानाला आली की मगच, नाहीतर दव धरतं.

पेंढा भरलेले जुने प्राणी असतील तर त्यांच्याजवळ नेऊच नका, पूर्वी त्यांना सर्रास आर्सेनिकचं विष लावायचे. आणि मानवी अवशेष किंवा एखाद्या समाजाच्या पूजेतल्या वस्तू या 'खास पाहुण्यांना दाखवायच्या' गोष्टी नाहीत, त्यांचे खण त्या दिवशी बंद.

आता कमिटीला सांगायला. ब्रिटिश म्युझियमकडे साधारण ८० लाख वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या साधारण ८० हजार, म्हणजे शंभरातली एक. उरलेल्या ९९ चं काय, हा प्रश्न लोकांना पडतोच. म्हणून तर रॉटरडॅमच्या बोयमन्स संग्रहालयाने २०२१ मध्ये अख्खं कोठार लोकांना खुलं केलं, दीड लाखावर वस्तू आहेत तिथे, आणि लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयाने २०२५ मध्ये असंच कोठार उघडलं जिथे कुणीही आधी नोंदवून पाच वस्तूंपर्यंत जवळून बघू शकतो. म्हणजे नुसतं साठवणं आणि सांभाळणं बघायला लोक मुद्दाम जातात, त्यासाठी तलवारी काढून मांडाव्या लागत नाहीत.

जुनापेटारा:
सगळ्यांचे खरंच आभार, आजींचं वाचून तर मी लगेच ताईंना फोन केला, त्या रजिस्टर काढतायत. मग ६० जणांचं असं करतो, ८-८ चे गट, दोन शनिवारांत विभागून, एक गट स्टोअरमध्ये तेव्हा दुसरा फाटका कागद जोडायला. देणगीचं मात्र अजून कळत नाहीये.

शाईआणिकागद:
पेटी फिरवू नका. काम चालू असलेल्या त्या एका वस्तूशेजारी साधी चिठ्ठी ठेवा, हिला किती तास लागले, अजून किती लागतील, कुठलं सामान संपलंय, आणि अशाच किती वस्तू रांगेत आहेत. ज्याला द्यायचंय तो विचारेल. आणि ज्याने दिलं त्याला सहा महिन्यांनी तीच वस्तू पुरी झालेली बघायला परत बोलवा, ती तारीख आत्ताच ताईंबरोबर ठरवून घ्या, नाहीतर राहून जातं. दोन गटांच्या मधे निदान तासभर खोली रिकामी ठेवा, आर्द्रता जागेवर आल्याशिवाय पुढचा गट आत घेऊ नका.