पृष्ठभाग मोजण्याआधी सगळ्याच ऑक्साइड पावडरींना 'दोनशे डिग्री, रात्रभर व्हॅक्यूम' हे बरोबर आहे का?

तापीकाठचा (जळगाव):
आमच्याकडे आणि आजूबाजूच्या कॉलेजांत पण हेच बघतोय. पावडर टिटॅनिया (टायटॅनियम ऑक्साइड) असो, झिंक ऑक्साइड असो नाहीतर मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड), दोनशेला व्हॅक्यूमवर रात्रभर ठेवायची, सकाळी पृष्ठभागाचा किंवा त्यावर बसणाऱ्या वायूचा आकडा काढायचा आणि थिसिसमध्ये एकच ओळ, 'सॅम्पल डीगॅस केले', म्हणजे चिकटलेलं पाणी-वायू काढले. किती डिग्रीला, किती प्रेशरला, किती वेळ, काही नाही. माझ्या मते असा आकडा अर्धवट आहे. हवेतल्या ऑक्साइडवर पाणी बसलेलंच असतं. त्यातलं वरवर चिकटलेलं शंभर-दीडशेला निघतं, पण जे तुटून ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) होऊन धातूला बांधलं गेलंय ते हलत नाही. सिलिकावरचे शेजारशेजारचे ओएच साधारण 200 ते 400 मध्ये जोडीने पाणी होऊन जातात, एकटे पडलेले आठशेच्या वर पण टिकतात. मॅग्नेशियावर तर हवेतला सीओटू कार्बोनेट होऊन ठाण मांडतो, पाचशेच्या वर नेल्याशिवाय बेसिक साइट, म्हणजे सीओटू जिथे बसतो त्या जागा, नीट मोकळ्याच होत नाहीत. मग दोनशेवाल्या मॅग्नेशियावर 'सीओटू कमी बसतो' असं लिहिणं म्हणजे यावलची एसटी खच्चून भरलीय म्हणून गाडीच लहान आहे म्हणण्यासारखं.

भरीतवाला (भुसावळ):
भो, तुनं म्हननं अर्धंच खरं शे. तू बीईटी (नायट्रोजन बसवून एरिया मोजणं) आणि केमिसॉर्प्शन (वायू साइटला रासायनिक बांधला जाणं) एकत्र कालवतोय. बीईटीत 77 केल्विनला नायट्रोजन नुसता टेकतो, त्याला साइट मोकळी आहे का नाही याच्याशी काय घेणं? रंध्रांतलं पाणी गेलं की झालं. आणि उगाच तापमान वाढवलं तर मोजायला घेतलेला पदार्थच राहत नाही. बोहमाइट (ॲल्युमिनियमचं ओएचवालं ऑक्साइड) साडेचारशेच्या आसपास गॅमा ॲल्युमिना होतो, गोएथाइट (लोखंडाचं तसलंच) अडीचशे-तीनशेला हेमॅटाइट व्हायला लागतो, व्हॅक्यूममध्ये तर त्याच्याही आधी. दोनशेची सवय उगीच नाही पडली.

धुळ्याची केमिस्ट:
भरीतवाले दादा, काही घेणं नाही असं पण नाही हो. नायट्रोजनला क्वाड्रुपोल असतो, म्हणजे रेणूत विद्युतभार असमान वाटलेला असतो, ओएच दिसला की तो तिथे उभा राहतो, मग एका रेणूची जागा 0.162 चौरस नॅनोमीटर धरतो तो आकडाच हलतो. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2015 मध्ये 87 केल्विनला आरगॉन वापरा म्हटलं त्याचं एक कारण हेच आहे.

पण तापीकाठचे भाऊ पण एक गोष्ट सोडून बोलतायत, व्हॅक्यूम म्हणजे नुसता झाडू नाही. पांढरी टिटॅनिया पाचशेला पंपावर ठेवून बघा, ट्यूबमधून राखाडी-निळसर निघते. पाणी जाता जाता जाळीतला ऑक्सिजन पण गेलेला असतो, टायटॅनियमचा भार चारचा तीन झालेला असतो, आणि आता त्या रिकाम्या जागांवर ऑक्सिजन सोडला की तो हावऱ्यासारखा बसतो. मग तुम्ही मोजलं कोणाला, टिटॅनियाला की तुमच्या पंपाच्या करामतीला? म्हणून आधी कोरड्या ऑक्सिजनमध्ये तापवायचं, त्यातच गार करायचं, मग पंप लावायचा.

रावेरकर:
तुमचं सगळं चार भिंतीतलं चाललंय. आमच्या पट्ट्यात केळीच्या रायपनिंग चेंबरला इथिलीन (फळं पिकवणारा वायू) मोजायला टिन ऑक्साइडचे सेन्सर लावायचं बोलणं चालतं. आत नव्वद टक्के दमट हवा, सेन्सर स्वतःच्या हीटरवर तीनशे-चारशेला तापलेला, वर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून बसलेला आणि पाणी त्याच्याशी जागेसाठी भांडतंय. व्हॅक्यूममध्ये चकाचक केलेल्या पावडरीवरचा आकडा तिथे कोण विचारतं?

तापीकाठचा:
रावेरकर काका, पाण्याने किती जागा खाल्ली हे कोरडा आकडा हातात असल्याशिवाय सांगणार कसं? आणि तुम्ही पण प्रीट्रीटमेंट (मोजण्याआधीची तयारी) करताच की, बाजारातल्या एमक्यू नावाच्या वायू-सेन्सरच्या डेटाशीटमध्ये आधी चोवीस तासांच्या वर तापवत ठेवा असं लिहिलेलंच असतं, ते काय हौस म्हणून? ताईंचं ऑक्सिजनवालं मात्र मी प्रोटोकॉलमध्ये घालणार.

भरीतवाला:
बरं, केलं साफ. राहतं किती वेळ? एका टॉरच्या (प्रेशरचं माप) दहा लाखाव्या भागाइतकं प्रेशर असलं आणि आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला, तर सपाट पृष्ठभागावर सेकंदाभरात एक थर बसतो. आपल्याकडचे पंप तिथपर्यंत तरी जातात का? साहेब लोकांना पेपरात 'क्लीन सरफेस' लिहायला आवडतं एवढंच.

धुळ्याची केमिस्ट:
तो हिशोब सपाट क्रिस्टलचा झाला. पावडरीत ग्रॅमला पन्नास-शंभर चौरस मीटर जागा असते, उरलासुरला वायू तेवढी जागा पटकन भरू शकत नाही. पण उलटीकडून तेच नडतं, आतलं पाणी बाहेर यायला पण वेळ लागतो. म्हणून एकदम तापवायचं नाही, शंभरच्या आसपास थांबून पाणी ओढून घ्यायचं आणि मगच वर जायचं, नाहीतर आतच वाफ कोंडते आणि कण एकमेकांना चिकटून एरिया घटतो, मॅग्नेशियाला तर हे फारच लवकर होतं. झालं की व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर बघा, चढत राहिलं तर अजून काहीतरी निघतंय, नाहीतर लीक आहे. आणि वजन डीगॅसनंतरचंच घ्या, आधीचं घेतलं तर पाण्याचं वजन पण ग्रॅममध्ये धरलं जातं आणि एरिया कमी दिसतो.

भरीतवाला:
वजनाचं मान्य. पण नेहमीच्या बीईटीला मी पाचशे लावणार नाही, दोनशेच, फार तर वेळ आणि प्रेशर लिहीन.

रावेरकर:
लिहा बाबांनो, कोरडं मोजा, ओलं पण मोजा. चेंबरला सेन्सर घेताना मात्र मी दमट हवेतलाच आकडा मागणार, आणि तो तुमच्यापैकी कोणीच काढलेला नाही.